पॉपलरची सावली कुणाच्या रानात?

नोकरीत असताना कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी सांगायची, "झाडं विकत घेते." समोरचा म्हणायचा, "म्हणजे रोपं?" "नाही, उभी झाडं. चांगली दोन मजली." मग तो एकदा माझ्या साडीकडे बघायचा, एकदा पर्समधून डोकावणाऱ्या टेपकडे बघायचा आणि विषय बदलायचा. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत तर माझी ओळख "त्या फर्निचरच्या दुकानात आहेत ना, त्या" अशीच होती. दुरुस्त करणं मी कधीच सोडून दिलं होतं.

प्रत्यक्षात मी वाळूजकडच्या एका प्लायवूड मिलमध्ये लाकूड खरेदीचं काम बघायची. शेतकीची पदवी घेऊन तिथे स्टोअरमध्ये लागले होते. खरेदीचा माणूस अचानक सोडून गेला तेव्हा "नवीन कुणी मिळेपर्यंत मॅडम जातील" असं ठरलं. नवीन कुणी मिळालं नाही आणि मी निवृत्त होईपर्यंत जातच राहिले.

बाईमाणूस लाकूड घ्यायला येतं, हे गावाकडे पटायला वेळ लागायचा. गंगापूर तालुक्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बांधावरूनच घराकडे वळवलं. "आत जा बाई, बचत गटाच्या बाया आतमधी हायेत." मी म्हटलं, "मला तुमच्या निलगिऱ्या बघायच्यात." तो म्हणाला, "बगा की. बगायला कोन नाय म्हनतंय? पन घ्यायला कोन येनार हाय?" मी टेप काढून पहिल्या झाडाला गुंडाळली. मग तो शेवटच्या झाडापर्यंत माझ्या मागे मागे येऊन प्रत्येक आकडा स्वतः टेप हातात घेऊन पडताळत राहिला.

टेप गुंडाळायची ती छातीइतक्या उंचीवर. आमच्या धंद्यात उंचीपेक्षा घेराला मान. प्लायवूड म्हणजे लाकडाच्या पातळ पत्र्या एकमेकींवर आडव्या-उभ्या चिकटवून केलेली फळी. त्या पत्र्या काढायला गोल ओंडका लेथवर चढवतात, तो गरगर फिरतो आणि समोरचं लांब पातं त्याला सोलत जातं. पेन्सिलीला टोक काढताना साल निघते ना, तशी. फक्त ही साल गालिच्यासारखी रुंद असते आणि उलगडतच राहते. ओंडका बारीक असेल तर सोलायला सुरुवात होते न होते तोच मधला दांडा उरतो. तो मग जळणात जातो. म्हणून घेर दुप्पट झाला की किंमत दुप्पट होत नाही, त्याच्या कितीतरी पुढे जाते. शेतकऱ्याला हे पटवणं म्हणजे माझी निम्मी नोकरी होती. घाई करून कापलेलं झाड आणि दोन वर्षं थांबून कापलेलं झाड यांत गाडीभर जळण आणि गाडीभर प्लायवूड एवढा फरक असतो. पण थांबायचं कुणाच्या जिवावर, हा प्रश्न उरतोच. पीक दरवर्षी हातात काहीतरी ठेवतं. झाड सहा-सात वर्षं काहीच देत नाही आणि मग एकदम देतं. मधल्या काळात घर चालवायचं ते पिकानेच. म्हणून झाड आणि पीक एकाच रानात नांदवता येतील का, हा सगळ्या गणिताचा गाभा.

लेथवर आमचे अय्यूबभाई. शहरातल्या सिल्लेखान्यात राहायचे आणि पात्याच्या आवाजावरून लाकडाची तब्येत सांगायचे. पॉपलरची नि माझी गाठ त्यांनीच घालून दिली. उत्तरेकडून पॉपलरचे ट्रक यायचे. पांढरं, हलकं, सरळ लाकूड. अय्यूबभाई पहिली पत्री हातावर घेऊन म्हणायचे, "म्याडम, ये लकडी नहीं, मक्खन है मक्खन. और आप मेरेकू वो निलगिरी लाके देते, दांत पडते पाते के!"

ट्रकचं भाडं मालकांना टोचायचं. मला मात्र वेगळाच किडा चावला होता. एकदा एका ट्रकवाल्याला चहा पाजून मी विचारलं, तिकडे ही झाडं कुठे उगवतात, जंगलात?

"जंगल कहाँ मॅडम, खेत में. गेहूँ के बीच में."

"मग गव्हाला ऊन कुठून मिळतं?"

तो हसला. "सर्दी में इसके पत्ते ही नहीं होते."

एवढंच. पण मी त्या दिवशी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होते. गव्हाला ऊन हवं असतं हिवाळ्यात, आणि नेमकं तेव्हाच हे झाड उघडं होतं. उन्हाळ्यात पुन्हा पानं येतात तेव्हा गहू घरात पोचलेला असतो. म्हणजे एकाच शेतात दोन भाडेकरू, एक दिवसपाळीचा आणि एक रातपाळीचा. मग आपल्याकडे का नाही?

हा प्रश्न फक्त मलाच पडला नव्हता. पुढे एकदोन वर्षांतच बाहेरचा एक एजंट लासूर स्टेशनच्या बाजूला पॉपलर विकून गेला. विकून गेला म्हणजे काय, तर दोन पुरुष उंचीच्या नुसत्या काठ्या. मूळ नाही, पान नाही. खोल खड्ड्यात खोचायच्या. लोक हसले, म्हणाले, कुंपणाचे खांब सोन्याच्या भावाने विकतोय. थोड्यांनी घेतल्या. त्यांतले एक भाऊसाहेब.

भाऊसाहेब वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर. त्यांचे थोरले भाऊ एकनाथराव, त्यांना सगळे नाना म्हणत, ते गावी शेती बघायचे. वडिलांच्या माघारी तोंडी वाटणी झालेली: रानाचा दक्षिणेकडचा अर्धा भाग भाऊसाहेबांचा, उत्तरेकडचा नानांचा. कसायचे दोन्ही नानाच, आणि भाऊसाहेबांच्या भागाचा वाटा सुगीला त्यांच्या घरी पोचायचा. नोकरीवाल्याला झाडासारखं पीक नाही, एकदा लावलं की रजा काढावी लागत नाही, या हिशेबाने भाऊसाहेबांनी आपल्या रानाच्या अगदी कडेला, नानांच्या हद्दीलगत, पूर्व-पश्चिम दोन ओळी लावून टाकल्या. नानांना विचारलं नाही. आपल्या रानात लावायला कुणाला विचारायचं?

पहिली दोन वर्षं काही बिघडलं नाही. काठ्यांना पालवी फुटली, झाडं सरसर वाढली, लोक बघायला येऊ लागले. मीही जाऊन आले. वारा नसतानाही पानं सळसळत होती. पुढे या झाडांचं गिऱ्हाईक मीच, म्हणून भाऊसाहेबांनी माझं चांगलं स्वागत केलं.

तिसऱ्या वर्षी, दिवाळी होऊन बरेच दिवस झाले असतील, नाना मिलच्या गेटवर आले. पांढरा सदरा, टोपी, हातात पॉपलरचं एक हिरवंगार पान. वॉचमनने मला बोलावलं.

"म्याडम, हे पापलर पानं कव्हा गाळतं?"

"हिवाळ्यात."

"मंग हिवाळा कव्हा येतो?"

मी हसले. ते हसले नाहीत. "तो एजंट म्हन्ला व्हता, थंडी पडली का झाड नागडं. आता सकाळी शेकोटी करतो आमी, अन् ह्याचं एक पान पिवळं नाय. माझा गहू अंधारात बसलाय. तुमी लाकूडवाल्या, तुमाला ठाऊक असंल म्हून आलो."

मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या रानात होते.

दक्षिणेची झाडं, उत्तरेचं रान. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, त्यामुळे भर दुपारीसुद्धा सावली उत्तरेला पडते, आणि झाड जेवढं उंच जवळपास तेवढीच लांब. पावसाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा सावली झाडाच्या पायातच घुटमळते, कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे भाऊसाहेबांची झाडं भाऊसाहेबांच्याच रानात उभी होती, पण त्यांची सावली सगळीच्या सगळी नानांच्या गव्हावर. तिथला गहू उंच, लुळा आणि फिका. उत्तरेकडच्या कडाक्यात जे झाड पानं टाकून झोपी जातं, त्याला आमच्या मराठवाड्यातली थंडी ही थंडीच वाटत नव्हती.

नानांच्या घरी तोवर वेगळीच थंडी पडली होती. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचं ते नानांच्या बायकोमार्फत, कांताबाईंमार्फत. त्या दिवशी रविवार होता, भाऊसाहेब गावी आलेले. आम्ही चौघं ओसरीवर बसलेलो.

"वहिनी, त्यांना सांगा, झाडं माझ्या हद्दीत हायेत," भाऊसाहेब म्हणाले.

"त्याला सांग, सावली माझ्या हद्दीत हाय," नाना म्हणाले.

"सावली काय मी पाडतो का? सावली सूर्याची हाय. सूर्याला म्हना, सरक."

कांताबाईंनी कपबशा उचलल्या. "मी दोघांचं सांगून सांगून थकले. एवढ्यात गहू निंदून झाला असता."

मी काय तोडगा काढणार? मी लाकूड घेणारी. पण मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं की सावली नक्की किती गहू खाते. अंदाज सगळेच सांगतात. मी सुचवलं, सुगीला झाडांपासून सारख्या रुंदीचे पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्याचा गहू वेगळा कापा, वेगळा मळा, वेगळा तोला. नानांनी होकाराची मान हलवली. भाऊसाहेब म्हणाले, "तोला की. मला काय त्याचं!"

मार्चमध्ये मी पुन्हा गेले. कांताबाई आणि गावातल्या चार बायकांनी दोऱ्या ताणून पट्टे पाडले होते. वजनकाटा बाभळीला टांगला. पहिल्या पट्ट्याच्या पोत्याला काटा जेमतेम हलला. दुसऱ्याला बरा, तिसऱ्यापासून पुढे नेहमीसारखा. झाडांजवळचा गहू चक्क निम्म्याहून खाली. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. मीही निकाल दिलाच. म्हटलं, हे सगळं सावलीचं काम.

भाऊसाहेबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, झाड विकताना हे माझ्या किमतीतून कापनार का? नाही ना? मग सोडून द्या."

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आसपास मी घेर मोजायला गेले. ही माझी दरवर्षीची फेरी. दोन्ही ओळींच्या मधोमध समोरासमोरच्या चार झाडांची पानं झडलेली दिसली. मला आनंदच झाला, अखेर एकाला तरी अक्कल आली! जवळ गेले तर त्या चारही झाडांच्या बुंध्याला गोणपाट बांधलेलं. मी सुतळी सोडली. खाली हातभर रुंदीची साल, बांगडीसारखी, गोल सोलून काढलेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: झाडाचं जेवण सालीतून खाली जातं. साल गोल तोडली की झाड लगेच पडत नाही, महिनोन्महिने उपाशी राहून मरतं. वैर असलेला माणूस कुऱ्हाड चालवत नाही, हे करतो. मी अशी झाडं आधीही पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी प्रकरण पोलीस चौकीपर्यंत गेलं होतं.

नाना पाठीमागे येऊन उभे होते. "मीच सोलली," ते म्हणाले.

"नाना, असं का केलंत?"

"बगायचं व्हतं. तुमी म्हन्ल्या, सगळं सावलीनं झालं. मंग सावली काढली का गहू यायला पायजे. आला तर तुमचं खरं."

"त्यासाठी झाडं मारायची?"

"चारच मारली." आणि मग गोणपाट उचलत, "सगळी मारायची मनात आलं व्हतं. खोटं कशाला बोलू?"

मी भाऊसाहेबांना कळवलं नाही, पण त्यांना कळायचं ते कळलंच. पुढच्या रविवारी ते आले. मी मुद्दाम गेले होते. दोघा भावांत काही झालं तर मध्ये तिसरं माणूस असावं म्हणून. भाऊसाहेब त्या चार झाडांपाशी गेले. एकाच्या उघड्या बुंध्यावरून त्यांनी हात फिरवला. मग पहिल्यांदाच, कांताबाईंना मध्ये न घालता, सरळ नानांकडे वळले.

"नाना, मला सांगायचं व्हतं. मी बोललो असतो, भांडलो असतो. हे असं, गोणपाट गुंडाळून?"

नाना पायाने सुकलेली साल बाजूला सारत राहिले.

"उद्यापासून माझं रान मी दुसऱ्याला कसायला देतो. मधी तार टाकतो. तुमचं तुमी, माझं माझं."

हे बोलणं साधं नव्हतं. विहीर नानांच्या भागात, वाट भाऊसाहेबांच्या भागातून. तार पडली की दोघांचीही शेती अडली असती. नानांना हे कळत होतं, पण तोंडातून माफीचा शब्द काही निघेना. कांताबाई विळा हातात धरून बांधावर उभ्या होत्या.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "तार टाकायची तर टाका. पन झाडं मेली ती मेली. आता त्यायच्या मागं गहू पेरनार हाये. तो काय म्हनतो, तेवढं बगून घेऊ. मंग टाका."

भाऊसाहेब तसेच वाटेला लागले. पण तार त्या आठवड्यात पडली नाही, त्या महिन्यातही नाही. मला वाटतं, त्यांनाही बघायचंच होतं.

त्या मार्चमध्ये भाऊसाहेब रजा काढून सुगीला आले. कितीतरी वर्षांनी आले असं कांताबाई म्हणाल्या. स्वतः दोरी धरली. मेलेल्या चार झाडांच्या मागचा गहू एकीकडे, तेवढ्याच जिवंत झाडांच्या मागचा एकीकडे, दोन्हींचे जवळचे आणि लांबचे पट्टे वेगळे. बाभळीखाली आम्ही सगळे काट्याकडे बघत उभे.

दुसऱ्या पट्ट्यात मेलेल्या झाडांमागचा गहू जिवंत झाडांमागच्यापेक्षा जोरात आला. म्हणजे सावलीचा गुन्हा शाबीत. पण अगदी जवळच्या पट्ट्यात काटा पुन्हा जेमतेमच हलला. झाडं मेलेली, सावली गेलेली, मुळं वाळलेली, आणि गहू तरी नाही!

"हे कसं?" नाना म्हणाले. त्यांनी पोतं उतरवून पुन्हा टांगलं. काटा तेवढाच.

भाऊसाहेब त्या पट्ट्यात जाऊन उकिडवे बसले आणि कुदळीने जमीन उकरायला लागले. वरची वीतभर माती भुसभुशीत, खाली कुदळ खणकन वाजली. ते वर बघून म्हणाले, "नाना, खळं इथंच व्हतं ना आपलं?"

नाना जवळ आले. त्यांनी पायाने माती सरकवली. "व्हय रे. इथंच. ह्या बाभळीपासून तिथवर."

त्यांच्या वडिलांच्या काळापासून त्या जागेवर मळणी व्हायची. वर्षानुवर्षं बैल गोल फिरून जमीन दगडासारखी झालेली. पुढे मळणीयंत्र आलं, खळं मोडलं, वरून नांगर फिरला, आणि तिथे गहू कमी येतो हे सगळे विसरून गेले. झाडं आली आणि आयता आरोपी सापडला. मी दिलेला निकाल निम्माच खरा होता.

भाऊसाहेब मातीत बसल्या बसल्या हसायला लागले. "म्हंजी चार झाडं फुकटच मेली!"

"फुकट नाय," नाना म्हणाले. "कळलं ना." आणि मग इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं, "चुकलं माझं, भाऊ."

तारेचा विषय पुन्हा निघाला नाही.

इथून पुढे कांताबाईंनी सूत्रं हातात घेतली. आमच्या भागात अद्रक पुष्कळ होतं. मे-जूनमध्ये लावतात, आणि कोवळं असताना उन्हाने त्याची पानं करपतात. कांताबाईंना दोन वर्षं दिसत होतं की पॉपलरच्या दोन ओळींमधल्या पट्ट्यात मे महिन्यातही जमीन गार असते. त्यांनी दिराला विचारलं, "भाऊसाहेब, तुमच्या झाडांखालची सावली मला देता का?"

"घ्या की वहिनी. सावलीचं काय घ्यायचं!"

"असं नाय. सावली तुमची, कष्ट माझं. निघंल त्यात तुमचा वाटा."

मला हे ऐकून मजा वाटली. ज्या सावलीवरून भाऊ भाऊ तुटायला आले होते, तीच आता वाट्याला आली होती. फरक फक्त ऋतूचा आणि पिकाचा. हिवाळ्यात उत्तरेला पडणाऱ्या सावलीने गहू खाल्ला, दोन ओळींमधल्या उन्हाळी सावलीने अद्रक जगवलं. झाड परवडतं का, असं लोक मला विचारायचे तेव्हा मी झाडाबद्दल बोलायची. या दोन ओळी बघितल्यावर मी उलट विचारायला लागले: खाली काय लावणार, आणि ओळ कुठल्या दिशेला?

अद्रक छान आलं. झाडं मात्र एजंटने सांगितल्याइतकी आली नाहीत. दुपारच्या उन्हाच्या बाजूला खोडांची साल भाजून तडकली, त्या तड्यांतून खोडकिडा शिरला. सातव्या वर्षी भाऊसाहेबांनी विकायचं ठरवलं. नेमकं त्याच वर्षी बाजार पडलेला होता. तिकडे उत्तरेत भाव चढला की सगळे एकदम लावतात, सात वर्षांनी सगळे एकदम कापतात आणि भाव कोसळतो. मग कुणीच लावत नाही आणि पुन्हा चढतो. या पाळण्याचा झोका इथपर्यंत लागायचा. मिलमध्ये अशा वर्षी सगळे खूश असत, आणि ती खुशखबर शेतावर जाऊन सांगायचं काम माझं. झाडाची एक मोठी खुबी म्हणजे भाव पडला तर ते उभं राहू शकतं, गव्हासारखं सडत नाही. मी कितीतरी जणांना "थांबा" सांगितलंय, मिलच्या विरोधात जाऊन. पण ही झाडं थांबण्यासारखी नव्हती. आत किडा होता.

किंमत सांगण्याआधी मी दोन झाडं मिलमध्ये नेऊन सोलून बघायचं ठरवलं, आणि भाऊसाहेब, नाना, कांताबाई तिघांनाही बोलावलं. कांताबाई मिलमध्ये पहिल्यांदाच येत होत्या. अय्यूबभाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली.

ओंडका फिरायला लागला. पहिल्यांदा तुकडे उडाले, मग पत्री निघायला लागली, पांढरीशुभ्र, सलग. भाऊसाहेब पुढे सरकले. तेवढ्यात पत्रीत भोकं दिसू लागली, एक, दोन, मग ओळीने, जाळीसारखी. अय्यूबभाईंनी लेथ थांबवला. ते नेहमी ओरडायचे, त्या दिवशी हळू बोलले.

"भाऊ, लकडी अच्छी है. लेकिन इसकू इधर का धूप नक्को था."

दुसरा ओंडका पुष्कळ बरा निघाला. मी अंदाज बांधला: तिसरा हिस्सा चांगल्या प्लायवूडचा, बाकी पेटीच्या फळ्यांचा, आणि ती चार वाळकी झाडं जळणाची. भाव सांगितला. भाऊसाहेब भोकं पडलेली पत्री उचलून बघायला लागले. सात वर्षांची आशा होती ती. माझ्या नोकरीत हा क्षण मला कधीच सवयीचा झाला नाही.

नाना म्हणाले, "म्याडम, ती चार झाडं मी घेतो. चांगल्या झाडाच्या भावानं."

"जळण आहे नाना ते."

"असू द्या. माज्यामुळं जळन झालं."

"नाना, राहू द्या," भाऊसाहेब म्हणाले. "वहिनीच्या अद्रकानं भरून काढलंय." आणि ते खरंच होतं. कसंबसं, पण होतं. झाडांची किंमत, गव्हाची घट आणि अद्रकाचा वाटा एकत्र मांडला तेव्हा सात वर्षांचा धंदा तोट्यात गेला नव्हता, एवढंच. नुसतं पॉपलर असतं तर गेला असता.

निघताना कांताबाईंनी जमिनीवर पडलेला भोकं नसलेला पत्रीचा एक तुकडा उचलला, उजेडात धरला, बोटाने दाबून पाहिला. अय्यूबभाईंना विचारलं, "भाऊ, हिच्यापेक्षा इथं काय चांगलं निघतं?"

"महानिंब लाव ना बहन. वो इधर का धूप पीके बडा होता."

मी निवृत्त झाले त्याला आता थोडा काळ झाला. मिल आहे, अय्यूबभाईंनी मात्र लेथ सोडला. मधे एकदा कांताबाईंचा फोन आला: "म्याडम, महानिंबाची रोपं आनलीत. दोघा भावायचं चाललंय, तुमी या." आवाजावरून मला काळजी वाटली. दुसऱ्याच दिवशी निघाले. लासूर स्टेशनवरून शेअर जीपने गेले.

भाऊसाहेबांनीही आता नोकरी सोडली होती, दाढी वाढवून रानातच असायचे. दोघे भाऊ बांधावर उभे राहून हातवारे करत होते. रोपं सावलीत तशीच पडलेली, आणि कांताबाई डोक्याला हात लावून.

"झाडं माझ्या रानात लाव," नाना म्हणत होते. "तुझ्याकडं एकदा लावून झाली."

"माझ्याकडं खड्डे तयार हायेत, नाना! आणि वहिनीला सावली माझ्याकडनं द्यायची ठरली व्हती."

"मंग मी काय बिनसावलीचा राहू? अर्ध्या ओळी इकडं घे."

"सावलीची दिशा बघा ना, तुमच्याकडं लावली तर पाटापर्यंत जाती."

"तू मला दिशा शिकवतो? म्याडम, सांगा ह्याला."

मी दोघांचं ऐकत बसले. चहा झाला, दुसरा झाला. ते मातीत काटकीने ओळी आखत, पुसत, पुन्हा आखत होते. ऊन कलायला लागलं तसं त्यांच्या ओळीही सरकत गेल्या. शेवटी मी काहीच निकाल न देता निघाले.

परतीच्या जीपचा ड्रायव्हर त्यांच्याच गावचा. मला ओळखत होता. गिअर टाकता टाकता त्याने आरशातून विचारलं, "काय म्याडम, नाना-भाऊसाहेबांचं मिटलं का भांडन?"

"नाही," मी म्हटलं. "आता कुठे छान चाललंय."